झील कोण ओढणार? मुंबईतले पाच दिवस

बुधवार, ३ डिसेंबर

कराडला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी दादरला उतरले. पाठीवर सॅक, हातात डफ. डफाला आईने जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली आहे, तरी त्याचा गोल आकार लपत नाही. पुलावरच्या गर्दीत एका बाईने विचारलं, "शाहीर का गं तू?" मी म्हटलं, "नाही, कविता म्हणते." ती म्हणाली, "मग डफ कशाला?" उत्तर द्यायच्या आत गर्दीने तिला पश्चिमेकडे नेलं, मला पूर्वेकडे.

मंचावर कविता सादर करणं हा माझा धंदा आहे. धंदा हा शब्द मी विचार करून वापरते. कागद हातात न घेता, पाठ करून, उभं राहून, अंगाने म्हणायची कविता. दिवाळी ते मार्च हा हंगाम, महिन्याला सहा-सात कार्यक्रम मिळतात. पावसाळ्यात दोन-दोन महिने कोरडे जातात, तेव्हा शिकवण्या घेते. नऊ वर्षं असं चाललं आहे.

तात्या, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या कलापथकात वीस वर्षं झीलकरी होते. पोवाडा ऐकलेल्यांना झील सांगायला नको. पुढे मुख्य शाहीर डफावर चौक, म्हणजे पोवाड्याचं कडवं, म्हणतो, मागे तुणतुणं आणि झांज घेतलेले दोघं-तिघं त्याच्या ओळीचं शेपूट उचलतात आणि 'जी जी रं जी' करत लांबवतात. फोटो शाहिराचा निघतो, झीलकऱ्यांचे चेहरे सहसा अंधारात असतात. तात्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

माझ्यामागे कोणीच नसतं. मी, माइक आणि डफ. या खेपेला तीन ठिकाणी 'कोयता' ही माझी नऊ मिनिटांची कविता म्हणायची होती, आणि गेले वर्षभर तिच्यात एक दुखणं होतं. सहाव्या मिनिटाला श्वास तुटायचा. दम वाढवायला मी रोज टेकडी चढत होते, फरक शून्य.

आत्या परळला चाळीत राहते. रात्रीच्या प्रवासानंतरचा पहिला दिवस घशाला द्यायचा हा माझा नियम आहे: ज्येष्ठमध, कोमट पाणी, थंड काही नाही, आणि कुजबुजणंही नाही, कारण त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. डिसेंबरची मुंबई घशाला वाईट. हवा धुरकट, त्यात चहूकडे बांधकामाची धूळ. दमट हवेने डफाचं कातडंही सैल पडलं होतं. आत्याने गॅस बारीक करून दिला. मी डफ लांबून फिरवत शेकला आणि बोटाने टिचकी मारत बसले. आवाज 'धप्प'वरून 'टण्ण'वर आला की बस्स.

संध्याकाळी गॅलरीत आत्याच्या यजमानांशी बोलणं झालं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सत्तरी गाठली आहे. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मामा पुन्हा आत गेले नाहीत. पुढची सगळी वर्षं त्यांनी रखवालदारी केली.

"साचेखात्यात शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जायची नाही," मामा म्हणाले. "आम्ही ओठ बघून बोलायचो. पाळी सुटली की सगळ्यांचे कान बधिर. गेटवर शाहीर उभा असायचा, त्याला त्या बधिर कानांत शिरायचं असायचं. पहिल्या ओळीला धरलं नाहीस तर माणूस घरी निघाला."

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी नरे पार्कात शाहीर अमर शेख ऐकले आहेत. आवाजाबद्दल विचारलं तर हात समोरच्या टॉवरपर्यंत लांब केला. "तिथवर जायचा. पण खरं सांगू? आम्हाला मजा यायची ती मागच्यांबरोबर ओरडायला. ते आमचं काम होतं."

रात्री तात्यांना फोन केला. म्हटलं, सहाव्या मिनिटाला दम जातोय. त्यांनी विचारलं, "झील कुटं पडतीया?" मी म्हटलं, झील नाहीच, एकटी असते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग श्वास कवा घेतीस?"

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी घाटकोपरला चिरागनगरात गेले. अण्णाभाऊ साठे आमच्या वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईला चालत आलेला हा मुलगा. शाळेत जेमतेम दीड दिवस गेला असं आमच्याकडे सांगतात. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, आणि आयुष्याची कितीतरी वर्षं काढली ती या वस्तीत. स्मारकाचं बोलणं बरीच वर्षं चालू आहे.

गल्ल्या इतक्या अरुंद की डफ आडवा धरून चालता येत नव्हतं, छातीशी उभा धरला. एका दारात बाई मेथी निवडत बसल्या होत्या, नळाचं पाणी आलं होतं, शेजारी शिलाई मशिन चालू होतं, वर कोणाचा तरी टीव्ही. मी अर्धा तास नुसती उभी राहिले. इथे बसून एकट्यापुरतं काही लिहिताच येणार नाही. भिंतीपलीकडच्याला तुमची ओळ ऐकू जाते, आणि त्याचा खोकला तुम्हाला. कलापथक हा शब्दच किती नेमका आहे, तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. पथक. एकट्याचं पथक होत नाही.

संध्याकाळी परळजवळच्या एका रात्रशाळेत दहावीच्या वर्गात कार्यक्रम होता. मानधन नाही, मी मागितलंही नव्हतं. साडेसहाला वर्ग भरतो. तेवीस मुलं-मुली. कोणी कुरिअरचं काम करून आलेलं, कोणी दुकानात दिवसभर उभं राहून, एक मुलगी दोन घरची धुणीभांडी करून. पहिल्या बाकावरचा मुलगा बसल्या बसल्या झोपला होता. त्याला उठवू नका, असं मी बाईंना सांगितलं.

'कोयता' ही ऊसतोडणीच्या बाईची कविता आहे. आमच्याकडे दरवर्षी बीडकडून टोळ्या येतात, कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र सहसा नवऱ्याच्या नावावर असते. त्यावर दोन ओळी आहेत:

कोपीत निजलं लेकरू, फडात जागी आई
मुकादमाच्या वहीमधी तिचं नावच नाई

या ओळींना वर्ग गप्प झाला. त्याआधी मोळी बांधायचा भाग येतो. 'आवळ दोरी, मार गाठ'. कविता संपल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. उंच, डिलिव्हरी कंपनीचा टी-शर्ट.

"ताई, मोळीला दोरी नसते. वाढ्यानं बांधतात. माझी आई बांधती."

वाढं म्हणजे उसाचा शेंडा, हिरवा पाला. त्यालाच पीळ देऊन मोळी आवळतात. मी वाळव्याची. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. पण पुढच्या ओळीत 'पाठीवर पोरी' होतं, म्हणून यमकासाठी दोरी घातली होती. तीन वर्षं ती दोरी मी गावोगाव म्हणत होते आणि कोणी बोललं नव्हतं, कारण ऐकणाऱ्यांतल्या कोणाच्याच आईने मोळी बांधलेली नव्हती. मला फार लागलं ते. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून ओळ बदलली: 'पीळ दे वाढ्याला, मार गाठ'. यमक गेलं. त्याने ती मोठ्याने म्हणून पाहिली, आणि 'गाठ' शब्दावर चार-पाच जणांनी बाकावर हात मारला. कोणी सांगितलं नव्हतं.

तो हात नेमका तिथे पडला जिथे मी नेहमी घाईने पुढची ओळ सुरू करते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दिवसभर पाठांतर. मी चालत पाठ करते, बसून शब्द बसत नाहीत. परळहून लालबागला, तिथून भायखळ्याकडे आणि परत. बदललेली ओळ जुनीच्या जागी जाऊन बसायला शंभर वेळा तरी म्हणावी लागते, कारण ऐन मंचावर जीभ जुन्या वाटेने पळते.

संध्याकाळी खारला एका कॅफेत ओपन माइक. नावनोंदणीचे ३००, त्यात कॉफी. प्रत्येकाला चार मिनिटं, साडेतीनला समोरून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. सोळा नावांत मराठी मी एकटी. हिंदी बरंच, थोडं इंग्रजी. आवडलं की टाळ्यांऐवजी चुटक्या वाजतात.

ही तऱ्हा स्लॅमची, म्हणजे मंचावरच्या कवितांच्या स्पर्धेची. स्लॅम शिकागोत सुरू झालं. मार्क स्मिथ हा बांधकामावर काम केलेला कवी. १९८६ मध्ये त्याने ग्रीन मिल नावाच्या जॅझ क्लबात रविवारचं स्लॅम सुरू केलं. तीन मिनिटांची मर्यादा, श्रोत्यांतूनच निवडलेले पाच परीक्षक, शून्य ते दहा गुण, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण गळून जातो. कविता विद्यापीठातून उचलून कामकरी माणसाच्या संध्याकाळी आणून ठेवायची, हा त्यामागचा विचार. मामांच्या गेटसभेपासून ते फार दूरचं नाही. म्हणून या कॅफेंना नाकं मुरडणारे आमच्याकडचे कवी मला पटत नाहीत. माझ्याआधी विशीतल्या एका मुलाने आपल्या बापाच्या रिक्षावर हिंदीत जे म्हटलं ते अस्सल होतं. चार मिनिटांत त्याने एकही शब्द वाया घालवला नाही.

माझं मात्र जमलं नाही. नऊ मिनिटांची कविता चारमध्ये बसवायला मी सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकल्या होत्या. डफही नेला नाही, मंच जेमतेम एका माणसापुरता. उरल्या नुसत्या शब्दांच्या ओळी, एकीला एक लागून. आमच्या शाहिरीत कटाव असतो, गद्याच्या अंगाने एका दमात सुसाट म्हणायचा, ऐकणाऱ्याची छाती धडधडते. पण कटावाच्या अलीकडे-पलीकडे संथ चौक असतात, म्हणून तो कटाव. मी अख्खी कविताच कटाव करून टाकली. चुटक्या वाजल्या, व्हिडिओ छान आला म्हणाले. मला आतून कळत होतं की बाई फडात पोचलीच नाही.

एक सांगायचं म्हणून सांगते. गेल्या वर्षी मुंबईतल्याच एका आयोजकांकडे दीड तासाचा कार्यक्रम केला, त्याचं ठरलेलं मानधन आजवर आलेलं नाही. नव्याने या कामात येणाऱ्या मुलींनी निम्मी रक्कम आधी घ्यावी, प्रवासखर्च वेगळा ठरवावा, आणि व्हिडिओ कोण कुठे टाकणार ते लेखी घ्यावं. कविता मागताना लोकांना पैशाचं बोलणं हलकं वाटतं. डफ, भाडं, घसा, रोजचे चार तास, हे सगळं मजुरीच आहे. मजुरी मागायला लाजायचं नाही, हे मी गिरणगावातल्या माणसांकडून शिकले.

शनिवार, ६ डिसेंबर

चैत्यभूमी. १९५६ च्या याच तारखेला बाबासाहेब दिल्लीत गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ही गर्दी. पहाटे निघाले, डफ घरी ठेवला.

शिवाजी पार्कला पांढऱ्या कपड्यांतली माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. रांग किती तास चालते याची कोणी तक्रार करत नव्हतं. पाणी आणि जेवण वाटणारे तरुण. आणि पुस्तकं! इतकी पुस्तकं विकली जाताना मी कुठल्याही साहित्य संमेलनात पाहिलेली नाहीत. अंगठा उठवणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक घेत होती, विकणाऱ्याला म्हणाली, "मोठ्या अक्षराचं दे."

एका झाडाखाली गायन पार्टी बसली होती. ढोलकी, पेटी आणि साठीच्या एक बाई. जात्यावरच्या ओवीच्या वळणाने त्या बाबासाहेबांचं गाणं म्हणत होत्या. कागद नाही, माइक नाही. आंबेडकरी जलशांपासून ही परंपरा चालत आली आहे. वामनदादा कर्डक अक्षरं मोठेपणी शिकले आणि हजारो गाणी लिहिली. लिहिलेलं वाचता न येणाऱ्यांपर्यंत विचार पोचवायचा तर तो तोंडात बसला पाहिजे, तिथपासून ही सगळी रचना सुरू होते.

बाई ओळ म्हणायच्या आणि शेवटचा शब्द अर्धा सोडायच्या. खरंच अर्धा. भोवती बसलेले तो पुरा करायचे. मी मागच्या कडेला बसले. दोन-तीन ओळी नुसतं ऐकलं, मग तोंड उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी मागे म्हणत होते. तासभर म्हटलं. मागे बसलं की पुढच्याचा श्वास दिसतो. आम्ही शब्द उचलला की त्यांचे खांदे खाली यायचे, नजर पुढच्या ओळीकडे जायची, आणि ढोलकी पुन्हा समेवर आली की त्या ताज्या आवाजाने उभ्या. साठी उलटलेली बाई, तासभर, एकदाही दमली नाही.

आणि आमच्याही डोक्यात मागची ओळ तेवढ्या वेळात मुरायची. मी कविता म्हणताना श्रोत्यांना तेवढा वेळ कधी दिलाच नव्हता. गप्प जागा राहिली तर त्यांना वाटेल मी विसरले, या भीतीने भरत गेले.

दुपारी उठताना बाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "आवाज चांगला हाय गं. कुठल्या पार्टीत गातीस?"

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी विलेपार्ल्यात एका छोट्या सभागृहात माझा एकटीचा तासाभराचा कार्यक्रम, तिकीट २००. परळहून मामा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, तिसऱ्या रांगेत. चौसष्ट माणसं. पार्ल्याचा श्रोता जाणता. करंदीकर, बापट, पाडगावकर यांचं एकत्र काव्यवाचन ऐकलेले काही जण अजून भेटतात. माइक मी थोडा तिरपा लावून घेते, नाहीतर प, फ, भ हे ओठातले वर्ण फुटतात आणि शेवटच्या रांगेला नुसते धक्के ऐकू जातात.

'कोयता' शेवटी ठेवली होती. पहिल्या चौकाच्या शेवटी 'मार गाठ' आलं. डफावर थाप दिली आणि थांबले. सभागृहात काही नाही. दोन सेकंद, तीन. कोणीतरी चष्मा काढून पुसला. पोटात गोळा आला, पण पुढची ओळ मी घेतली नाही.

तिसऱ्या रांगेतून मामा म्हणाले, "जी जी रं जी..."

साचेखात्यातला आवाज. पहिल्यांदा माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या चौकाला मागून तिघं-चौघं, तिसऱ्याला अर्धं सभागृह. सगळं सुरेख झालं असं नाही. चौथ्या चौकात लोक उत्साहाने लवकर आले आणि वहीत नाव नसल्याची ओळ त्यांच्या आवाजाखाली गेली. ती मला परत घ्यावी लागली. पण सहावं मिनिट आलं आणि गेलं, मला कळलं नाही. अकरा मिनिटं झाली होती.

नंतर एक काका भेटले. शांतपणे म्हणाले, "बाळ, ओळी उत्तम आहेत. त्या आम्हाला एकट्याने ऐकू द्यायच्या होत्यास. गलक्यात कविता हरवते." त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं आहे, कारण चौथ्या चौकात ते खरं ठरलं होतं. कुठे लोकांना बोलवायचं आणि कुठे एकटं सोडायचं, हे ठरवायला अजून वर्ष लागेल. पाकिटात ७००० होते, ठरल्याप्रमाणे. आत्याने सोबत भाकरी, ठेचा आणि डफासाठी जुना टॉवेल दिला.

रात्री परतीची महालक्ष्मी. डबा चैत्यभूमीहून परतणाऱ्यांनी भरलेला, वरच्या फळीवर पुस्तकांच्या पिशव्या. घसा बसला होता म्हणून तात्यांना फोनवर फार बोलता येईना. एवढंच विचारलं की चौथ्या चौकाला झील लवकर येते, कशी अडवायची? ते सांगायला लागले, "म्होरक्यानं डफ तळहातानं दाबायचा, मंग मागल्याला कळतं..." आणि घाटातल्या पहिल्या बोगद्यात फोन कट झाला.

लोणावळ्याला रेंज आली. तात्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला होता. एरवी ते दहाला झोपतात. बोलणं काही नव्हतं त्यात. हाताने मांडीवर दिलेला ठेका, एक दाबलेली थाप, थोडी शांतता, आणि मग त्यांची झील. वयाने थरथरती, अकरा सेकंदांची.

तीन वेळा ऐकली. मग वही काढून 'मार गाठ'च्या खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.